लायडन: ट्यूलिपच्या बसमध्ये बसण्याआधी एक शनिवार

नेदरलँड्सच्या सहलीत आपल्याकडच्या मंडळींचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. ॲमस्टरडॅमला कालव्यातून बोटीची फेरी, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या आणि एप्रिल असेल तर क्यूकेनहोफची ट्यूलिप बाग. या बागेची थेट बस लायडन सेंट्राल स्टेशनच्या बाहेरून सुटते. माणसं स्टेशनातून बाहेर पडतात, बसच्या रांगेत उभी राहतात, संध्याकाळी त्याच बसने परत येऊन गाडी पकडतात. शहर पाच मिनिटांवर असतं, पण तिकडे कोणी फिरकत नाही. गंमत अशी की १५९४ साली डच भूमीत फुललेल्या अगदी सुरुवातीच्या ट्यूलिपची नोंद आहे ती याच शहरातली, विद्यापीठाच्या बागेतली. कारोलुस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते कंद लावले होते.

लायडनला आयफेल टॉवरसारखं 'हे पाहिलं की झालं' असं काही नाही. म्हणूनच यादी घेऊन फिरणारा माणूस इथे दोन तासांत कंटाळतो. सतराव्या शतकातल्या कालव्यांच्या विस्तारात ॲमस्टरडॅमच्या खालोखाल याच शहराचं नाव घेतात: २८ किलोमीटर कालवे आणि ८८ पूल. इथली माणसं हे शहर वापरतात ते वारानुसार. बाजाराचा दिवस, खरेदीची संध्याकाळ, उन्हाची दुपार. तुम्हीही तसंच करा.

आधी वार ठरवा, मग ठिकाणं

बाजार भरतो बुधवारी आणि शनिवारी. शक्य असेल तर शनिवारच निवडा, कारण बुधवारचा बाजार लहान असतो. गुरुवारी दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. रविवारी बरीचशी दुपारी बाराच्या आसपास उघडतात, सोमवारी सकाळी बाजारपेठ अर्धी झोपलेली असते आणि काही संग्रहालयं सोमवारी बंदच असतात. तेव्हा सोमवारी लायडनला जाऊन 'काहीच नाही हो तिथे' म्हणू नका.

एक तारीख मात्र आधी बघून ठेवा: ३ ऑक्टोबर. १५७४ साली स्पॅनिश सैन्याचा वेढा या दिवशी उठला. शहर उपासमारीने जेरीला आलं होतं. स्पेनविरुद्ध उठलेल्या डच बंडखोरांनी बांध फोडून शेतांत पाणी सोडलं, त्या पाण्यावरून बोटी आणल्या आणि स्पॅनिश फौज पळाली. बोटींतून आली ती हेरिंग मासळी आणि पांढरा पाव. आजही त्या दिवशी सकाळी जुन्या वजनकाट्याच्या इमारतीत, म्हणजे 'दे वाख'मध्ये, लायडनकरांना हेरिंग आणि पाव वाटतात आणि घरोघरी गाजर-कांदा-बटाटा घोटून 'हुत्स्पॉत' करतात. रस्तोरस्ती जत्रा, पाळणे, ढोल. गर्दी आवडत असेल तर याच दिवशी या. शांतपणे फिरायचं असेल तर हा दिवस कटाक्षाने टाळा. हॉटेलं आधीच भरलेली असतात. तारीख रविवारी आली तर उत्सव सोमवारी होतो.

गाडी आणि पहिली पाच मिनिटं

स्खिपोल विमानतळावरून लायडन साधारण पंधरा-वीस मिनिटं, ॲमस्टरडॅम सेंट्रालहून पस्तीस-चाळीस. कागदी तिकिटाची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड आत जाताना टेकवायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. आणि ज्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर पडा: आत जाताना फोन टेकवला आणि बाहेर येताना प्लास्टिकचं कार्ड टेकवलं तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी होतात.

डब्याच्या काचेवर 'स्टिल्ते' असं लिहिलेलं दिसलं तर तो शांततेचा डबा. तिथे बसून काकूंना व्हिडिओ कॉल लावला तर कोणी भांडणार नाही, पण सगळा डबा तुमच्याकडे बघेल. पलीकडच्या डब्यात बसा आणि खुशाल गप्पा मारा.

स्टेशनाला दोन बाजू आहेत. एका बाजूला इस्पितळ आणि नातुरालिस हे निसर्ग-विज्ञानाचं संग्रहालय; मुलं बरोबर असतील तर तिथला 'ट्रिक्स' नावाचा टी-रेक्सचा सांगाडा एक सकाळ सहज खाईल. जुनं शहर दुसऱ्या बाजूला. बाहेर पडताच लाल डांबराचा पट्टा दिसेल. तो सायकलींचा रस्ता. फोटो काढायला त्यावर थांबू नका, सामान त्यावर टेकवू नका. घंटी ऐकू आली तर इकडेतिकडे उडी मारण्याऐवजी आहात तिथेच स्थिर राहा. सायकलवाला तुमच्या बाजूने निघून जातो. तुम्ही गोंधळून हललात की तोही गोंधळतो.

सरळ चालत गेलात की डावीकडे 'दे फाल्क' ही १७४३ सालची पवनचक्की उभी दिसते. आत संग्रहालय आहे, पण शिडीसारखे अरुंद जिने चढायची तयारी हवी. गुडघे कुरकुरत असतील तर बाहेरूनच बघा, काही बिघडत नाही.

सकाळ: बाजार

पुढे औदे राइन आणि नीउवे राइन, म्हणजे जुनी आणि नवी ऱ्हाइन, हे दोन प्रवाह जिथे मिळतात तिथून बाजाराला सुरुवात होते. पाण्याच्या दोन्ही काठांनी तंबू. दहाच्या सुमारास पोचा. अकरानंतर चालायला जागा मिळत नाही.

खरं काम चीजच्या गाड्यावर आहे. इथल्या लायडन चीजमध्ये जिरं असतं. हो, आपलं फोडणीतलंच. लोण्यासाठी साय काढून घेतलेल्या दुधाचं हे चीज कडक, कमी चरबीचं असतं आणि कापलं की जिऱ्याचे दाणे तुकड्यात पसरलेले दिसतात. शेतावर बनवलेल्या अस्सल चीजच्या सालीवर एकमेकींवर ठेवलेल्या दोन किल्ल्यांचा शिक्का असतो. त्या किल्ल्या म्हणजे शहराचं चिन्ह. गाडीवाला पातळ कापून चाखायला देतो. 'योंग' म्हणजे कोवळं, 'बेलेखन' म्हणजे मध्यम मुरलेलं, 'औद' म्हणजे जुनं. आधी कोवळं चाखा, मग जुनं, नाहीतर कोवळ्याची चवच लागत नाही. वजन मागताना इथे अजून जुनी मापं चालतात: 'ऑन्स' म्हणजे १०० ग्रॅम आणि 'पाँड' म्हणजे अर्धा किलो. घरी न्यायचं असेल तर 'वाक्यूम' म्हणा, हवाबंद बांधून मिळतं. काटेकोर शाकाहारी असाल तर एक सांगायला हवं: पारंपरिक डच चीजमध्ये दूध फाडायला बहुतेकदा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. विचारून घ्या.

शेजारच्या गाडीवर हेरिंग. हा मासा शिजवलेला नसतो, मिठात मुरवलेला असतो. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. मासे खाणाऱ्यांनी नाक न मुरडता एकदा खाऊन बघावा. पहिल्यांदा खाताना पावात घालून मागवा, सोपा जातो. जूनच्या मध्यात नव्या हंगामाची हेरिंग येते तेव्हा तो सगळ्यात चविष्ट. नकोच वाटला तर 'किबलिंग' घ्या, तळलेल्या माशाचे गरम तुकडे.

आता शाकाहाऱ्यांसाठी, कारण हे कोणी सांगत नाही. गोल तळलेले 'बिटरबालन' दिसायला आपल्या बटाटेवड्याचे भाऊ, पण आत बहुधा गोमांस असतं. 'फ्रिकांडेल' मांसाचाच. हिवाळ्यातलं घट्ट वाटाण्याचं सूप शाकाहारी वाटतं, त्यात डुकराचं मांस आणि सॉसेज असतं. हुत्स्पॉतच्या सोबत गोमांसाचा तुकडा येतो. मांस नसलेलं म्हणजे 'काससूफ्ले', वितळलेल्या चीजचा तळलेला पॅटिस; रेनेटचं तेवढं विचारून घ्या. सुरिनामी खाणावळ दिसली तर सोडू नका: एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेश-बिहारातून सुरिनामला नेलेल्या मजुरांच्या वंशजांनी ही रोटी आणि उडदाचा 'बारा' नेदरलँड्समध्ये आणला. बारा चाखल्यावर मेदूवड्याची आठवण झाली नाही तर सांगा.

पैसे मात्र कार्डाने. पुष्कळ ठिकाणी 'अलेन पिन' अशी पाटी असते, म्हणजे रोख घेतच नाहीत. उलट बाजारातल्या एखाद्या छोट्या गाड्यावर नाणी लागतात, तेवढी खिशात असू द्या. बाटली किंवा कॅन घेतलात तर त्यावर अनामत असते, लहानाला १५ सेंट, मोठ्या बाटलीला २५. सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळते. नळाचं पाणी निर्धास्त प्या.

मग टेकडी

बाजारातून दोन मिनिटांवर 'बुर्ख्त' आहे. सपाट प्रदेशात पुराच्या आणि शत्रूच्या भीतीने माणसांनी हाताने रचलेली मातीची टेकडी, अकराव्या शतकातली, आणि तिच्यावर गोल दगडी-विटांचा तट. आपल्या राजगड-तोरण्याची सवय असलेल्याला हसू येईल, पायऱ्या मोजायच्या आत माथा येतो. पण वरच्या तटावरून फिरताना सगळ्या शहराची छपरं दिसतात आणि दिशा पक्क्या होतात. तिकीट नाही. समोरचं भलंमोठं चर्च हौख्लांडसे केर्क, दूर दुसऱ्या बाजूला पीटर्सकेर्क. आता आपल्याला त्या पीटर्सकेर्ककडे जायचं आहे.

छप्पर असलेल्या कोर्नब्रुख पुलावरून पाणी ओलांडा, नगरपालिकेच्या लांबच लांब दर्शनी भिंतीपाशी ब्रेयस्ट्राटवर या, आणि तो रस्ता ओलांडून चर्चच्या गल्लीत शिरा. इथून पुढे नकाशा बंद केलात तरी चालेल.

भिंती वाचत चला

१९९२ साली दोघा कलाप्रेमींनी निउवस्टेख गल्लीतल्या एका भिंतीवर मरीना त्स्वेतायेवा या रशियन कवयित्रीची कविता रंगवली, तीही मूळ रशियनमध्ये. मग एकामागून एक भिंती वाढत गेल्या. शंभराहून अधिक कविता, ज्या त्या भाषेत, ज्या त्या लिपीत. शेक्सपिअरचं तिसावं सुनीत रापेनबुर्ख कालव्यावरच्या तीस क्रमांकाच्या घरापाशी. जपानीत बाशो. इंडोनेशियाच्या खैरिल अन्वरची 'अकू' दुसऱ्या एका मोहल्ल्यात. सगळ्या शोधायच्या मागे लागू नका. वळणावर दिसली की थांबायचं, एवढंच. लायडनकर रोज त्याच भिंतीसमोर सायकल लावतात आणि बहुतेकांना ती भाषा येत नाही.

कवितांनी हौस फिटली नाही म्हणून असेल, पुढे भिंतींवर भौतिकशास्त्राची समीकरणंही आली. बूरहावे संग्रहालयाच्या भिंतीवर आइन्स्टाइनचं सापेक्षतेचं समीकरण आहे. तो १९२० पासून इथे विशेष प्राध्यापक म्हणून येत असे. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम शाळेत ज्याच्या नावाने पाठ केला तो स्नेल याच गावचा, त्याचाही नियम भिंतीवर आहे.

होफ्ये: उघड्या दारातून आत

हा भाग घाईने करू नका. श्रीमंत व्यापाऱ्यांनी म्हाताऱ्या, निराधार माणसांसाठी बांधलेली छोटी घरकुलं, मध्ये बाग, आणि सगळ्यांना मिळून रस्त्याकडे एकच दार. त्याला 'होफ्ये' म्हणतात. लायडनमध्ये अशी पस्तीस शिल्लक आहेत आणि त्यांत आजही माणसं राहतात.

पीटर्सकेर्कसमोर क्लोकस्टेख गल्लीत जान पेसेनहोफ्ये आहे, १६८३ सालचं. बाहेरून नुसतं एक दार. आत शिरलात की गल्लीचा आवाज एकदम तुटतो. विटांची पायवाट, कातरलेली झुडपं, खिडक्यांत पडदे अर्धे ओढलेले, दारापाशी कोणाचे तरी बागकामाचे बूट. याच जागेवर जॉन रॉबिन्सन या इंग्रज धर्मोपदेशकाचं घर होतं. १६०९ ते १६२० लायडनमध्ये राहून त्याच्या मंडळींपैकी काही जण पुढे मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेले. पुढे कालवा ओलांडून डूलेनस्टेखमध्ये एवा फान होखेफेनहोफ्ये आहे, तेही बघा.

रीत अशी: दार ढकलून उघडलं तर आत जायचं, बंद असेल तर घंटी वाजवायची नाही. चौघांपेक्षा जास्त असाल तर दोन-दोन करून जा. आवाज खाली. खिडकीतून आत डोकावायचं नाही आणि माणसांचे फोटो तर मुळीच नाहीत. कोणी दिसलं तर 'दाख' म्हणा, तेवढा नमस्कार पुरतो.

रापेनबुर्ख, आणि एका स्फोटाची मोकळी जागा

पीटर्सकेर्कहून निघालेली गल्ली रापेनबुर्ख कालव्यावर उतरते. समोर पुलापलीकडे विद्यापीठाची मुख्य इमारत, मूळची जोगिणींच्या मठाची. वेढ्यात टिकून राहिल्याचं बक्षीस म्हणून १५७५ साली बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याने शहराला विद्यापीठ दिलं. आत 'घामाची खोली' आहे, जिथे विद्यार्थी परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसायचे; पदवी मिळाली की भिंतीवर सही करायची पद्धत अजून आहे. मागे १५९० ची वनस्पती-बाग. तिला तिकीट आहे आणि ते वसूल होतं, क्लूसियसच्या बागेची प्रतिकृती बघायलाच नव्हे तर काचघरांसाठीही. वेळ कमी असेल तर एकच संग्रहालय निवडा: याच कालव्यावरचं पुरातत्त्व संग्रहालय. प्रवेशदालनात इजिप्तमधलं ताफेह मंदिर अख्खं उभं आहे. आस्वान धरणात बुडणाऱ्या स्मारकांना वाचवायला मदत केल्याबद्दल इजिप्तने ते नेदरलँड्सला भेट दिलं.

कालव्याच्या काठाने दक्षिणेकडे चालत राहा. दाटीवाटीची घरं अचानक संपतात आणि मोठं उद्यान लागतं, फान डर वेर्फपार्क. एवढ्या जुन्या शहरात एवढी मोकळी जागा कुठून आली, असा प्रश्न पडायला हवा. १२ जानेवारी १८०७ रोजी इथे नांगरलेल्या एका जहाजातल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. १५१ माणसं मेली, दोनशेवर घरं भुईसपाट झाली. ती जागा पुन्हा घरांनी भरलीच नाही. काठावरच्या मोठ्या विटांच्या इमारतीत आता कायद्याचे विद्यार्थी शिकतात. तिथेच १९०८ साली भौतिकशास्त्रज्ञ कामर्लिंग ओनेसने हीलियमचं प्रथमच द्रवात रूपांतर केलं आणि १९११ साली अतिवाहकता, म्हणजे अतिथंड धातूत विजेला होणारा विरोध नाहीसा होणं, सापडली.

पाय दुखले असतील तर इथल्या गवतावर बसा, बाजारातलं चीज आणि पाव काढा. शनिवारी दुपारी इथले विद्यार्थी हेच करतात.

संध्याकाळ पाण्यावर

पर्यटक बोटीच्या फेऱ्या असतात, त्या ठीक. पण ऊन असेल तर लायडनकर विजेवर चालणारी छोटी, बिनआवाजाची बोट तासाने भाड्याने घेतात आणि मित्रमंडळींसह खाऊ घेऊन निघतात. १५ मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरहून कमी वेगाच्या बोटीला परवाना लागत नाही. उजव्या काठाने चालवा, मोठ्या बोटीला वाट द्या, आणि पुलाखाली सगळ्यांनी खाली वाका. हे गमतीने सांगत नाही, काही पूल खरंच डोक्याला लागतात. सुकाणू धरलेल्या माणसाने मद्य घेऊ नये, पाण्यावरही कायदा तोच.

बोट नको असेल तर नीउवे राइनवर पाण्यातच तरंगणाऱ्या गच्च्यांवर बसा. बिल आपणहून आणून देत नाहीत, मागावं लागतं. टिप सक्तीची नाही. रक्कम वरच्या आकड्याला पोचवली की पुरे. जेवायचं असेल तर लवकर जा, नऊनंतर बऱ्याच स्वयंपाकघरांचा गाशा गुंडाळलेला असतो.

पावसाचं काय? छत्री विसरा, वारा ती उलटी करतो. टोपीचं जाकीट घ्या आणि फोनवर 'बाउनराडार' बघा. पुढच्या दोन तासांत पाऊस कधी येणार ते तो मिनिटांच्या हिशेबात दाखवतो. इथली माणसं ढगांकडे बघत नाहीत, त्याच्याकडे बघतात आणि सर गेली की निघतात.

रात्र काढणार असाल तर

रविवारी सकाळी दुकानं बंद असतात तेव्हा सिंगलपार्क. जुन्या शहराच्या खंदकाच्या काठाने, सहा किलोमीटरहून थोडा लांब, शहराला पूर्ण वेढा घालणारा बागांचा पट्टा. कल्पना नागरिकांची, पूल आणि वाटा नंतर जोडल्या. जुन्या वेशींपैकी उरलेल्या दोन्ही, मॉर्सपोर्ट आणि झेलपोर्ट, या वाटेवर लागतात. मॉर्सपोर्टजवळच्या गल्लीत १६०६ साली चित्रकार रेम्ब्रांट जन्मला. घर राहिलं नाही, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका.

त्यानंतर सायकल. स्टेशनवरची निळी-पिवळी सायकल पर्यटकांना मिळत नाही, तिला डच प्रवास-कार्डाची वर्गणी लागते. भाड्याच्या दुकानातून घ्या. हातात ब्रेक नसेल तर पायडल उलटं मारायचं. वळताना हात दाखवायचा, पुढे-मागे दिवा लावायचा, चालवताना हातात फोन धरायचा नाही, दंड होतो. रस्त्यावर पांढरे त्रिकोण तुमच्याकडे टोक करून असतील तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. कुलूप दोन लावा, एक चाकाला आणि एक साखळी खांबाला.

कुठे जायचं? एप्रिलच्या मध्यात लिसच्या दिशेने, फुलांच्या शेतांमधून. क्यूकेनहोफला सायकलनेही जाता येतं, फक्त प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन घेऊन ठेवा. शेतं खासगी आहेत, वाफ्यांत उतरू नका. बाकीच्या महिन्यांत कात्वेक, समुद्रकाठ, नऊ-दहा किलोमीटर. सकाळी बाजारात पाहिलेली जुनी ऱ्हाइन तिथेच समुद्राला मिळते. वारा बहुतेकदा पश्चिमेचा, म्हणजे जाताना छातीवर आणि येताना पाठीवर; म्हणून दमायच्या आत आधी समुद्र गाठा. आणि सायकल घेतानाच दुकान किती वाजता बंद होतं ते विचारा, रविवारी ते अपेक्षेपेक्षा लवकर असतं.